धूर कुठून निघतोय?

मंडळी, एक प्रश्न विचारतो, खरं खरं उत्तर द्या. तुमच्या घरातला एअर फ्रायर तुम्ही शेवटचा कधी धुतलात? आणि धुतला म्हणजे जाळी नळाखाली धरून दोन सेकंद पाणी मारलं, ते नव्हे. जाळीच्या खालचा ट्रे. शिवाय आत, वरच्या बाजूला, जिथे बघायला मान वाकडी करावी लागते, तिथली ती कॉइल. आठवत नाही ना? मग आजचा कॉलम खास तुमच्यासाठी. मलाही आठवत नव्हतं. आणि त्याची किंमत माझ्या आईनं मोजली, म्हणून आज जरा मनावर घेऊन लिहितोय.

तर झालं असं. दिवाळी झाल्यावर आई रत्नागिरीहून ठाण्याला माझ्याकडे आली. आईला दमा आहे. फोडणीचा ठसका, उदबत्ती, शेजारी कुणी मिरच्या भाजल्या, काहीही पुरतं. पंप कायम पर्समध्ये. आणि म्हणूनच, वर्षभरापूर्वी एअर फ्रायर घेतला तेव्हा मी फोनवर जाम भाव खाल्ला होता. "आई, तू आलीस ना की बघच. तेल नाही, धूर नाही. बटण दाबायचं आणि टीव्ही बघत बसायचं." ईएमआयवर घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस जरा जास्तच बोलतो, काय करणार!

शनिवारी सकाळी आई स्वतः मार्केटात गेली, कल्ले उघडून बघत, कोळणीशी दोन शब्द भांडत चार मस्त बांगडे घेऊन आली. म्हटलं, आज तू बसायचं, शेफ मी. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण, कोकमाचं आगळ. वर चमचाभर तेल. मग आणखी एक चमचा, कारण हात सैल. २०० डिग्री, २० मिनिटं, बटण ऑन, आणि स्वारी हॉलमध्ये मॅच बघायला.

बाराव्या मिनिटाला वास आला. आधी वाटलं, मासा होतोय. पंधराव्या मिनिटाला किचनच्या दारातून पांढरा धूर हॉलमध्ये यायला लागला. मी धावलो आणि पहिली चूक केली. मशीन चालू असतानाच ड्रॉवर खस्सकन बाहेर ओढला. आतला सगळा धूर तोंडावर. ट्रेमध्ये काळपट चरबी चरचरतेय, त्यातून धूर निघतोय. मग दुसरी, त्याहून मोठी चूक. तो ट्रे उचलून मी सिंकमध्ये नेला आणि नळाला हात घातला.

"पाणी नको घालूस!"

आई इतक्या जोरात ओरडलेली मी गेल्या वीस वर्षांत ऐकली नव्हती. पदर नाकाला लावून ती त्या धुरात आत आली आणि माझा हात नळावरून ओढून काढला. मग भिंतीला टेकली. आणि मग तिचा श्वास लागला.

पुढची चाळीस मिनिटं आई बाल्कनीत खुर्चीवर, हातात पंप, खांदे वर-खाली होतायत. मी शेजारी उभा, एका हातात मोबाइल, १०८ लावायच्या तयारीत. शेजारच्या काकू दारात, "काय जळतंय का हो?" हळूहळू श्वास खाली बसला. नशीब आमचं. बांगडे तसेच राहिले. आम्ही दोघांनी दहीभात खाल्ला.

संध्याकाळी चहा घेताना आई शांतपणे म्हणाली, "कढई असती तर तुला दिसलं असतं रे. तेल धुरायला लागलं की आपण गॅस बारीक करतो. ह्या डब्यात काय चाललंय ते दिसतच नाही."

बॉस, एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. कढईसमोर आपण उभे असतो. एअर फ्रायरसमोर आपण नसतो, कारण नसण्यासाठीच तर तो घेतलाय! मग आत काय चाललंय हे सांगायला त्याच्याकडे एकच भाषा उरते, धूर. ती भाषा शिकायची मी त्या रात्री ठरवलं.

आत चालतं तरी काय?

नाव 'फ्रायर', पण तळण्याशी ह्याचा संबंध नावापुरताच. हा खरं तर छोटा, दमदार ओव्हन आहे. २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात फिलिप्सनं 'एअरफ्रायर' आणला आणि तिथून हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. वरती तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा. पंखा गरम हवा जोरात खाली ढकलतो, ती पदार्थाभोवती फिरते, वरचं पाणी उडवते आणि कुरकुरीतपणा येतो. जागा लहान, वारा जोरात, म्हणून काम पटकन.

आता ह्यात चरबी कुठे जाते बघा. बांगडा हा मुळातच तेलकट मासा. चिकनच्या तंगडीच्या कातडीखाली चरबी, मटणाच्या खिम्यात चरबी. गरम झालं की ती वितळते, जाळीतून टपटप खाली ट्रेमध्ये पडते आणि तिथे तापतच राहते. काही थेंब वाऱ्यानं उडून वर कॉइलवर बसतात. कॉइल तर स्क्रीनवरच्या २०० डिग्रीपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. तो आकडा हवेचा, कॉइलचा नव्हे.

म्हणजे 'तेल नाही' हे अर्धसत्य झालं. तेल आपण घातलं नाही तरी पदार्थ स्वतःचं घेऊन येतो. आणि चरबी जास्त तापली की तिच्यातून अॅक्रोलिन नावाचं द्रव्य सुटतं. डोळे चुरचुरणं, घशाला ठसका लागणं, ते त्याचंच काम. दमेकऱ्याला हे किती जड जातं, ते मी बाल्कनीत उभं राहून पाहिलं.

माझ्या केसमध्ये तर डबल धमाका होता. आदल्या रविवारी मित्र आले होते, चिकन झालं होतं, आणि त्याची चरबी मी ट्रेमधून काढलीच नव्हती. 'नंतर धुऊ' म्हटलं होतं. बांगड्यांनी नुसती भर घातली.

धुराचा रंग बघा

पांढरा किंवा निळसर धूर आणि तळणीचा उग्र वास आला, तर चरबी किंवा तेल जळतंय. ताजं असेल, नाहीतर मागच्या वेळचं. दहातल्या बहुतेक वेळा गुन्हेगार हाच.

काळा धूर आणि करपल्याचा वास म्हणजे पदार्थ स्वतः जळतोय, किंवा काहीतरी उडून कॉइलला चिकटलंय. इथे थांबायचं नाही, लगेच बंद.

पांढरं आहे, पण वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि बाहेर आल्या आल्या विरून जातंय? ती वाफ. फ्रोजन फ्राइज, धुतलेली भाजी, बोंबील ह्यांतून भरपूर पाणी निघतं. टेन्शन नॉट.

नव्या कोऱ्या मशीनचा पहिल्या एक-दोन वेळचा हलका धूर आणि फॅक्टरीचा वास, हाही नॉर्मल. आतल्या भागांवर बनवताना लागलेला थर जळून जातो. म्हणून नवीन मशीन आणलं की जाळी-ट्रे धुऊन पुसून, खिडकी उघडी ठेवून १०-१५ मिनिटं रिकामं चालवा. पहिल्याच दिवशी पाहुणे बोलावून शायनिंग मारू नका.

आणि शेवटचा, जळक्या प्लास्टिकचा किंवा वायरचा वास. ह्यावर घरगुती उपाय शून्य. बंद करा, प्लग काढा, सर्व्हिस सेंटर. 'एकदा परत लावून बघू' हा मोह टाळा.

आपल्या किचनची खास लफडी

मशीनबरोबर येणारी रेसिपीची पुस्तकं फ्राइज आणि विंग्जवर बोलतात. आपण त्यात काय काय घालतो ते त्यांच्या स्वप्नातही नसेल. म्हणून ही देशी यादी.

भजी : पातळ भज्याचं पीठ जाळीत घातलं की अर्धं खाली गळतं, ट्रेमध्ये पडून करपतं आणि धूर सोडतं. कांदाभजी हवीच असतील तर पीठ अगदी घट्ट, कांद्याला नुसतं चिकटण्यापुरतं. नाहीतर सरळ कढई. बटाटेवड्याचंही तेच. कढईतला वडा तो कढईतलाच, उगाच भांडू नये.

रवा लावलेला मासा : कोरडा, सुटा रवा वाऱ्यानं उडतो आणि कॉइलवर जाऊन काळा होतो. मासा रव्यात घोळवला की हातानं दाबा, जास्तीचा झटका, वरून ब्रशनं थोडंसं तेल लावा. रवा चिकटून बसतो.

पापड : ह्याची तर गंमतच आहे. पापड हलका, पंखा जोरात. तो उडतो आणि थेट कॉइलला जाऊन चिकटतो. पाच सेकंदांत धूर. पापडावर स्टीलची जाळी किंवा छोटा रॅक ठेवा. सुटा कढीपत्ता, कोथिंबीर, कसुरी मेथी ह्यांचंही असंच. ती शेवटी, बाहेर काढल्यावर घाला.

बटर पेपर : रिकाम्या मशीनमध्ये, नुसत्या प्रीहीटला कधीही ठेवायचा नाही. उडून कॉइलला लागला तर पेटू शकतो. वर पदार्थाचं वजन हवं आणि कडा वर आलेल्या नकोत. सगळी जाळी झाकून टाकलीत तर हवा फिरणार कुठून, हेही लक्षात ठेवा.

मॅरिनेड : तंदुरी चिकन दही-मसाल्यात बुडवलेलं असतं. ते तसंच निथळत जाळीत गेलं की दही, मसाला आणि तेल खाली पडून जळतं. तुकडे आधी चाळणीत निथळू द्या. मध, साखर, सॉस असेल तर शेवटच्या ३-४ मिनिटांत लावा. साखर फार लवकर करपते.

आणि एकावर एक तुकडे रचू नका. मधले कच्चे राहतात, मग आपण वेळ वाढवतो आणि वरचे जळतात. दोन खेपा करा. बाराव्या मिनिटाला धूर काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तेलाचा फंडा

प्रत्येक तेलाचा एक धुराचा बिंदू असतो, म्हणजे ज्या तापमानाला ते धुरायला लागतं ते. हे आकडे तेलाच्या शुद्धतेप्रमाणे थोडे मागेपुढे होतात, पण अंदाज असा. रिफाइंड शेंगदाणा आणि सूर्यफूल तेल साधारण २३० डिग्री. साजूक तूप २५० च्या आसपास. लोणी किंवा बटर १५० ते १७५, कारण त्यातला दुधाचा अंश आधी जळतो. न गाळलेलं घाण्याचं तेल आणि व्हर्जिन खोबरेल ह्यांचा बिंदूही रिफाइंडपेक्षा बराच खाली असतो.

आता गणित सोपं आहे. मशीन २०० वर लावलंय आणि माशाला बटर चोपडलंय, तर धूर येणारच. बटरचा स्वाद हवा असेल तर शेवटी, ताटात. घाण्याचं तेल आवडतं? मग १६० च्या आत राहा, नाहीतर ते फोडणीला ठेवा.

तेल लावायचं ते पदार्थाला, जाळीला किंवा ट्रेला नव्हे. एक चमचा पुरतो. आणि ते डब्यातले कुकिंग स्प्रे टाळा. त्यांतल्या काहींत लेसिथिन असतं, ते नॉनस्टिकवर चिकट थर धरतं आणि तो थर पुढच्या वेळी धुरतो. साधा सिलिकॉनचा ब्रश बेस्ट.

चरबीवाला पदार्थ असेल तर आणखी दोन आयडिया. एक, तापमान २०० ऐवजी १८० ठेवा, दोन-चार मिनिटं जास्त जाऊ देत. दोन, अर्ध्या वेळेला मशीन थांबवून ट्रेमध्ये जमलेली चरबी सांभाळून एका वाटीत काढा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच जाळीखाली ट्रेमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालायला सांगितलेलं असतं. पाणी असेपर्यंत खालचा भाग फारसा तापत नाही आणि त्यात पडणारी चरबी धुरत नाही. पण काही कंपन्या ट्रेमध्ये कोणताही द्रव घालू नका असं बजावतात. म्हणून आधी आपली पुस्तिका उघडा. हो, तीच, जी बिलाबरोबर ड्रॉवरमध्ये पडलीय.

"मग मी पाणी घातलं असतं तर काय बिघडलं असतं?" हे मी आईला विचारलं. फरक वेळेचा आहे. थंड ट्रेमध्ये आधीच असलेलं पाणी चरबीला थंड ठेवतं. पण २०० डिग्रीच्या चरबीत पाणी ओतलं, की ते तेलापेक्षा जड असल्यामुळे खाली जातं, क्षणात वाफ होतं आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. ती तप्त चरबी उडवत वर येते. तुमच्या हातावर, तोंडावर. आईला हे आकडे ठाऊक नव्हते. तिनं लहानपणी तिच्या काकूचा भाजलेला हात बघितला होता, तेवढं पुरेसं होतं.

साफसफाई, म्हणजे आपला वीक पॉइंट

रविवारी सकाळी मी मशीन उलटं करून मोबाइलच्या टॉर्चनं आत बघितलं. मंडळी, मला माझी लाज वाटली. कॉइलवर वर्षभराच्या पार्ट्यांचा तपकिरी थर! म्हणजे मशीन दर वेळी आधी मागचं चिकन जाळत होतं आणि मग आजचा मासा भाजत होतं.

साफ असं करायचं. प्लग काढा आणि मशीन पूर्ण थंड होऊ द्या, तास तरी. ट्रेमधली चरबी आधी टिश्यूनं पुसून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलीत तर पाइप तुंबतो आणि प्लंबरचं बिल वेगळं. मग ट्रे आणि जाळी गरम पाण्यात, भांडी घासायचं लिक्विड घालून अर्धा तास भिजत ठेवा. चिवट डागांवर खायच्या सोड्याची पेस्ट, मऊ स्पंज. तारेची घासणी अजिबात नको. नॉनस्टिक खरवडलं की पदार्थ चिकटतो, चिकटला की करपतो आणि आपण पुन्हा धुरात.

कॉइलसाठी मशीन आडवं किंवा उलटं ठेवा. घट्ट पिळलेलं ओलं फडकं किंवा मऊ ब्रश, थोडंसं लिक्विड, हलक्या हातानं. मग साध्या ओल्या फडक्यानं साबण पुसून घ्या. मशीनमध्ये पाणी ओतायचं नाही आणि मशीन नळाखाली तर कधीच धरायचं नाही. सगळं नीट वाळलं की मगच प्लग.

ट्रे आणि जाळी दर वेळी, कॉइल महिन्यातून एकदा. चिकन-मासे नेहमी होत असतील तर दर पंधरा दिवसांनी. मी मोबाइलवर रिमाइंडर लावलाय. वर्कआउटचाही लावलाय, पण तो मी बंद करतो. हा नाही करत.

जागा आणि प्लग

मशीनच्या मागे गरम हवा बाहेर पडायची जाळी असते. ती भिंतीला चिकटवली की हवा आतच घुटमळते. मागे आणि बाजूंना वीतभर जागा सोडा आणि वरच्या कपाटाच्या पोटाला टेकवू नका. चिमणी असेल तर तिच्या जवळ, पण गॅसच्या शेगडीवर ठेवून कधीच नाही. चुकून एखादं बटण फिरलं तर मशीनची खालची बाजू वितळेल, आणि पुढचं मी लिहीत नाही.

१,५०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतं. मिक्सरचा छोटा ६ अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्ड त्याच्यासाठी नाही. मोठा १६ अँपिअरचा सॉकेट वापरा. फ्रिज आणि फ्रायर एकाच बोर्डवर लटकवणाऱ्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या बॅचलर मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि धूर आलाच तर?

क्रम पाठ करा. आधी मशीन बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, शक्य असेल तर प्लग बाहेर. ड्रॉवर बंदच ठेवा. आत हवा गेली नाही तर ठिणगी असली तरी गुदमरते. खिडक्या उघडा, चिमणी किंवा एक्झॉस्ट लावा. घरात दमेकरी, म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर आधी त्यांना मोकळ्या हवेत न्या. पंप वापरूनही श्वास खाली बसत नसेल तर वाट बघत बसू नका, १०८ लावा. मशीनचा धूर थांबला, सगळं थंड झालं की मग ड्रॉवर उघडून बघा काय झालंय. पण आत ज्वाळा दिसत असतील तर हिरोगिरी नको. पाणी नाही, ड्रॉवर उघडणं नाही. सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा. फ्लॅटमध्ये स्मोक डिटेक्टर असेल तर तो वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढू नका. त्याचं काही चुकलेलं नाही.

मी ह्यातलं एकही त्या शनिवारी बरोबर केलं नव्हतं. बंद न करता ओढलं, आईच्या आधी बांगड्यांचा विचार केला, आणि नळ. तिला बाहेर नेण्याऐवजी मी तिला आत आणलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुमच्यापैकी एकाचा हात नळावरून मागे आला तरी चालेल.

पुढच्या शनिवारी आईनंच पुन्हा बांगडे आणले. मी म्हटलं, "कशाला? तव्यावर करू." ती म्हणाली, "तू धुतलंयस ना? मग कर. मला बघायचंय." ह्या वेळी कॉइल स्वच्छ, ट्रे स्वच्छ, पुस्तिकेत चालेल म्हटलं होतं म्हणून जाळीखाली तीन चमचे पाणी. तेल फक्त ब्रशनं. १८० डिग्री. चिमणी ऑन, खिडकी उघडी, आई हॉलच्या पलीकडे बाल्कनीत, दार अर्धं लावून. आणि मी? मी मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. मॅच चालू होती, ऐकू येत होती, बघितली नाही. आठव्या मिनिटाला थांबवून मासे उलटले, ट्रे बघितला. पाण्यावर पिवळे तेलाचे थेंब तरंगत होते, शांत. धूर नाही. वास फक्त बांगड्याचा.

आईनं दोन खाल्ले. "कढईची चव नाही," म्हणाली, आणि तिसरा घेतला.

आता ती परत रत्नागिरीला गेलीय. रोज रात्री फोन येतो. आधी 'जेवलास का?' असं विचारायची. हल्ली पहिला प्रश्न वेगळा असतो, "ट्रे धुतलास का?"

धुतला, आई.

ता. क. : हा कॉलम वाचून लगेच उठणार असाल तर मशीन आधी थंड आहे ना, तेवढं बघा. आणि आत जे दिसेल त्याचा फोटो मला पाठवू नका. मी माझं बघितलंय, पुरे झालं.